सोफ्यावरचं बोलावणं

फॉरेस्ट हिल्स, न्यूयॉर्क
९ फेब्रुवारी १९८७

इनग्रिड,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता टाइप केलाय. आपण दोघी एका खोलीत राहून एकाच ऑफिसात टाइप करायचो, ती विद्या एवढ्यापुरती तरी कामाला आली.

इतक्या वर्षांनी ही बाई काय मागायला आली, असं तुला वाटेल. तर ऐक. तुझा भाऊ मे महिन्यात टीव्हीवरचा रात्रीचा कार्यक्रम सोडतोय असं पेपरात वाचलं. झोपण्याआधी वॉल्ट नॉर्डबीचं तोंड बघायची या देशाला सवय लागलीय, तेव्हा निरोपाचा गाजावाजा होणारच. नेमकं त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याचं आठवणींचं पुस्तक येतंय. त्यातलं एक अख्खं प्रकरण वॉल्टवर आहे. ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

मला एकच विचारायचंय. एकोणीसशे सहासष्ट साली हर्शीने वॉल्टच्या कार्यक्रमात जीव तोडून विनोद केले. लोक हसून खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. पुढची रीत तुला ठाऊकच आहे. नवा विनोदवीर काम संपवून उभा राहतो. वॉल्टला आवडला असेल तर तो टेबलामागून त्याला खुणावतो आणि शेजारच्या सोफ्यावर बसवतो. जो सोफ्यावर बसला त्याचं नशीब दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतं. जो नाही बसला तो आल्या पडद्यातून परत. हर्शी उभा राहिला, त्याने वाट बघितली, आणि तो पडद्यातून परत आला. मी मागे त्याचा ओव्हरकोट धरून उभी होते. त्याने कोट घातला, तोही उलटा.

ते काम त्याला तूच भावाकडे शब्द टाकून मिळवून दिलं होतंस. मग तुझ्या भावाने त्याला का बोलावलं नाही?

एस्टेल क्रेन


डुलुथ, मिनेसोटा
१८ फेब्रुवारी १९८७

एस्टेल,

तू ‘प्रिय’ लिहिलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. टाइप करून मला फसवता येईल असं तुला कसं वाटलं? स्वल्पविरामापुढे तू अजून दोन जागा सोडतेस. ऑफिसात मॅडम त्यावरून रोज बोलायच्या.

तुझं पत्र वाचलं आणि उठून भांडी घासली. आमच्याकडे संताप आला की भांडी घासतात. आता शांतपणे लिहिते.

वॉल्टने तुझ्या नवऱ्याला बोलावलं होतं. त्याच दिवशी कार्यक्रम झाल्याझाल्या त्याने मला फोन केला. वॉल्ट फोन करणारा माणूस नाही, आईच्या वाढदिवसाला करायचा तेवढाच. तो म्हणाला, “इनग्रिड, मी त्याला बोलावलं. त्याने सरळ माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून निघून गेला. सगळ्या देशासमोर.” शब्द मी टाकलेला, तेव्हा मान माझीही खाली गेली. मला वाटलं, दोन-चार दिवसांत तुझी चिठ्ठी येईल, माफी मागशील. ती आली नाही.

पुढचं सगळं तुमच्याच माणसाने वाढवलं. लास व्हेगासच्या हॉटेलांतून, “वॉल्ट नॉर्डबी म्हणजे फ्रिज, दार उघडलं की दिवा लागतो, पण आत गार,” हे कोण सांगत फिरलं? समोरच्या वाहिनीने याच वेळेचा कार्यक्रम देऊ केला तेव्हा उडी मारून कोण गेलं? वॉल्टनेही मग बोलून दाखवलं की जो पाहुणा तिकडे जाईल त्याने इकडे येऊ नये. ते मला आवडलं नव्हतं, आणि तसं मी त्याला सांगितलं होतं. “हर्शी क्रेनला टाळ्या द्यायच्या तर त्याच्या पाठीला द्या,” हाही विनोद मला आवडला नव्हता. पण सुरुवात कुणी केली ते विसरू नकोस.

चित्रफीत बघून खरंखोटं करावं म्हणशील, तर ती नाही. त्या काळी फिती पुसून त्यांच्यावर दुसरं काहीतरी चित्रित करायचे. आमचा टीव्ही मी त्या दिवशी लावला होता, पण कॅमेरा हर्शीवरच होता.

त्या प्रकरणात काय लिहिलंय?

इनग्रिड


फॉरेस्ट हिल्स
२ मार्च १९८७

इनग्रिड,

मी माफी मागायला हवी होती, हे वाचून मला हसू आलं. मी इकडे तुझ्या चिठ्ठीची वाट बघत होते. तू म्हणशील, माझा भाऊ चुकला, तू मनावर घेऊ नकोस, ये, कॉफी पिऊ. पोस्टमन दारावरून पुढे गेला की मी खिडकीतून बाजूला व्हायचे.

तू विचारलंस म्हणून सांगते. हर्शीने लिहिलंय: “वॉल्ट नॉर्डबीच्या सोफ्यावर गव्हाच्या शेतातून आलेल्या गोऱ्यागोमट्या पोरांना जागा होती. ब्रुकलिनच्या ज्यू पोराला पडदा दाखवला गेला.” आणि असंच पुढे बरीच पानं.

वाचलंस? आता परत भांडी घास. मलाही हे लिहवत नाही. वॉल्ट आपल्या खोलीवर जेवायला यायचा तेव्हा माझ्या आईने पाठवलेलं लोणचं बरणीतून बोटांनी खायचा. असा माणूस असा निघेल हे मला कधी पटलं नाही. पण मग दुसरं कारण काय? हर्शी म्हणतो, दुसरं कारण तूच शोधून दाखव, मी प्रकरण फाडून टाकतो. मे सुरू झाला की पुस्तक छापखान्यात जाईल आणि मग काही हातात राहणार नाही. तुझ्या भावाच्या निरोपाला हा डाग लागेल. आणि खोटा असला तर पुढे तो आमच्याही अंगाला लागेल.

आणखी एक. हे कुणाला सांगायचं नाही, हर्शी माझा जीव घेईल. या महिन्यात त्याला ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात जायचंय. या धंद्यात असली बातमी फुटली तर माणसाला कुणी बोलावत नाही. त्यामुळे तो सध्या चिडचिडा झालाय, आणि माझं म्हणणं ऐकून घेत नाही.

एस्टेल


डुलुथ
१० मार्च १९८७

प्रिय एस्टेल,

मी ‘प्रिय’ लिहिलंय. तू उत्तरात लिहायलाच हवं असं नाही.

त्याला काय झालंय ते मी विचारत नाही. ज्या अर्थी तू लिहिलं नाहीस त्या अर्थी ते लिहिण्यासारखं नसेल. माझ्या आईच्या वेळी मीही कुणाला काही सांगू शकले नव्हते. अशा दिवसांत तू मला जुन्या भांडणाचं विचारलंस आणि मी तुला स्वल्पविरामावरून बोलले, याची मला लाज वाटते.

ते ज्यू आणि गव्हाच्या शेताचं वाचून मात्र मला भांडी घासवली नाहीत, मी नुसतीच बसून राहिले. आमच्या गावात तसं बोलणारी माणसं होती, आमच्या चर्चच्या बाकावरही होती. पण वॉल्ट त्यांच्यातला नाही. हे सिद्ध कसं करायचं ते मला कळत नाही.

एक गोष्ट तुला न विचारता केली. वॉल्टला फोन करून हर्शीच्या तब्येतीचं सांगितलं. पुस्तकाचं नाही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बघतो.” आमच्या घरात याचा अर्थ फार मोठा होतो.

आज तळ्यावरचं बर्फ पहिल्यांदा तडकलं. तुला तो आवाज ऐकायचा होता, आठवतं? प्रत्येक हिवाळ्यात म्हणायचीस.

तुझी,
इनग्रिड


फॉरेस्ट हिल्स
२४ मार्च १९८७

प्रिय इनग्रिड,

तुझ्या भावाने पाठवलेली फळांची टोपली पोचली. ती दारातून आत येत नव्हती, म्हणून जिन्यातच सोडून संत्री एकेक करून आत आणली. सोबत पांढरी लिली, तुमच्याकडे कुणी मेल्यावर ठेवतात तेवढी. आणि कार्ड: “मी सगळं विसरलो आहे. वॉल्ट.”

हर्शी अर्धा तास ओरडत होता. “विसरला? विसरायला त्याचं काय गेलं होतं? आणि मी मरतोय हे याला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, मला काय माहीत. तू मला कुठल्या संकटात टाकलंस याची तुला कल्पना नाही.

अगं बाई, तो मरत नाहीये. त्याला मोतीबिंदू झाला होता. काढला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. मी लपवलं ते एवढंच. त्याचे डोळे अधू आहेत हे त्याने आयुष्यभर साऱ्या जगापासून लपवलं, आणि मलाही लपवायची सवय लागली. त्याच्या पहिल्या मॅनेजरने सांगितलं होतं की चष्म्यात तू कर वसूल करणारा दिसतोस, लोक हसणार नाहीत, पाकिटं चाचपतील. तेव्हापासून हा बाटलीच्या बुडासारख्या काचा घरात घालतो आणि घराबाहेर पडला की खिशात. लग्नात त्याने माझ्या मावशीला घास भरवला होता.

आता पट्टी निघाल्यापासून घरभर लहान मुलासारखा फिरतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कागदावर बदकं आहेत हे त्याला परवा कळलं. त्याला ते ओलीचे डाग वाटत होते आणि मला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, “एस्टेल, तुझे केस पांढरे झाले?” मी म्हटलं, तू आलास तिथेच परत जा.

तुझ्या काळजीबद्दल मात्र मनापासून आभार. तो मरेल असं वाटून का होईना, तू ‘प्रिय’ लिहिलंस.

एस्टेल


डुलुथ
२८ मार्च १९८७

प्रिय एस्टेल,

तो मरत नाही हे वाचून बरं वाटलं, आणि लिलीबद्दल मी माफी मागते. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर पहिल्या टपालाने पाठव.

सहासष्ट साली त्या दिवशी हर्शीच्या डोळ्यांवर चष्मा होता का?

इनग्रिड


फॉरेस्ट हिल्स
३ एप्रिल १९८७

प्रिय इनग्रिड,

तुझं चिमुकलं पत्र मी उभ्यानेच वाचलं, आणि मग खाली बसले.

चष्मा ओव्हरकोटाच्या खिशात होता. कोट माझ्या हातात होता. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मी त्याचा कोट धरून उभी होते.

हर्शी दाढी करत होता. मी जाऊन विचारलं, त्या दिवशी उभा राहिलास तिथून तुला वॉल्ट कसा दिसत होता? म्हणाला, “कसा म्हणजे? खाली तपकिरी, वर गुलाबी.” तपकिरी म्हणजे टेबल. गुलाबी म्हणजे वॉल्ट. मी विचारलं, गुलाबीने तुला बोलावलं असतं तर तुला कळलं असतं? त्याचा वस्तरा थांबला. तसाच साबण लावलेला तो न्हाणीच्या टबाच्या कडेवर बसला. मी त्याला असं गप्प बसलेलं आमच्या लग्नापासून पाहिलं नव्हतं.

पण इनग्रिड, तो बसून राहणारा नाही. साबण वाळल्यावर म्हणाला, “मी आंधळा नव्हतो, मला लांबचं कमी दिसायचं. माणसाने हात हलवला तर गुलाबी हलतं. माझ्या आईने गल्लीच्या टोकावरून हात केला तरी मला दिसायचा. तिचा आवाज त्याच्याआधी यायचा ही गोष्ट वेगळी. त्याचं काहीएक हललं नव्हतं. तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, भावाला विचार, त्याने नेमकं काय केलं.”

चष्म्याचं ऐकून वितळेल अशी माझी आशा होती. अर्धाच वितळला. प्रकरण अजून जागच्या जागी आहे.

एस्टेल


डुलुथ
२० एप्रिल १९८७

प्रिय एस्टेल,

ही गोष्ट फोनवर विचारण्यासारखी नव्हती, आणि वॉल्ट ईस्टरला इथे येणार होता, म्हणून थांबले. काल दुपारी जेवणं झाल्यावर त्याला टेबलाशी बसवलं आणि चष्म्याचं सगळं सांगितलं. पुस्तकातलं ते वाक्यही सांगितलं. त्याने विचारलं, “हर्शीला एवढी वर्षं असं वाटत होतं?” मी हो म्हटलं. मग तो उठला आणि भांडी घासायला लागला. ती मी आधीच घासलेली होती. त्याची पाठ माझ्याकडे होती, आणि मी तोंड बघायला गेले नाही.

परत येऊन बसल्यावर मी म्हटलं, समज हे तुझं स्टुडिओतलं टेबल आणि मी हर्शी. माझं काम संपलंय, लोक टाळ्या वाजवतायत. आता मला बोलाव, त्या दिवशी बोलावलंस तसंच. आणि मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले.

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली. शेवटी म्हटलं, “कधी बोलावणार?”

“बोलावलं की,” तो म्हणाला.

“काय केलंस?”

त्याने परत करून दाखवलं. एस्टेल, त्याने उजव्या हाताची तर्जनी टेबलावरून उचलली आणि खाली ठेवली. मनगट हललं नाही. चेहरा तर नाहीच.

तुला हे समजावून सांगायला हवं. आमचे वडील दुधाची गाडी चालवायचे. समोरून ओळखीचा माणूस आला की ते स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचे. इथे सगळे पुरुष तसंच करतात. पाद्रीबाबा दिसले तर दोन बोटं. वॉल्ट सैन्यातून परत आला तेव्हा वडील स्टेशनच्या दारात उभे होते आणि त्यांनी एक बोट उचललं. वॉल्ट ते आयुष्यभर विसरला नाही. त्याच्या दृष्टीने त्याने तुझ्या नवऱ्याला मिठीच मारली होती. बाकीच्यांना कळायचं, कारण ते बिचारे त्या बोटाकडेच डोळे लावून उभे राहत आणि त्यांना डोळे होते.

मी त्याला म्हटलं, “वॉल्ट, मला डोळ्यांचा काही त्रास नाही, मी तुझी सख्खी बहीण आहे, आणि मलासुद्धा दिसलं नाही.” तो बोटाकडे बघत राहिला. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. फ्रिज म्हणतात ना त्याला तुम्ही?

जाताना निरोप दिलाय. शेवटच्या आठवड्यात हर्शीने यावं. यायचं नसेल तर पुस्तकात वाटेल ते छापावं, त्याची तक्रार नाही.

तुझी,
इनग्रिड


फॉरेस्ट हिल्स
२५ एप्रिल १९८७

प्रिय इनग्रिड,

तुझं पत्र हर्शीला मोठ्याने वाचून दाखवलं. बोटापर्यंत आले तसा तो उठून उभा राहिला. “एक बोट? ब्रुकलिनमध्ये एक बोट दाखवलं तर मारामारी होते!” मग तो आमच्या बैठकीत तुझा भाऊ होऊन बसला, एक बोट उचललं, मग पळत समोर जाऊन स्वतः झाला आणि डोळे बारीक करून बघितलं, मग परत वॉल्ट. शेवटी भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, “एस्टेल, ते बोट दिसलं असतं तर मी याच्याशी भांडलोच नसतो. आयुष्यभर मी याच्याविषयी काय काय बोललो.” त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

प्रकाशकाला मी त्याच्यादेखत फोन लावला. ते प्रकरण निघालं. प्रकाशक हळहळला, म्हणाला, तेच तर खपणार होतं. फोन खाली ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी रडले, आणि मग राय ब्रेडला लोणी लावून दोन स्लाइस खाल्ले. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा चव लागली.

हर्शी येणार आहे. तू पण ये ना. माझ्याशेजारी बस.

तुझी,
एस्टेल


फॉरेस्ट हिल्स
२३ मे १९८७

प्रिय इनग्रिड,

तू विमानात बसत नाहीस हे मी विसरलेच होते. टीव्हीवर बघितलंस ना? तरी कॅमेऱ्याला न दिसलेलं सांगते.

हर्शी पडद्यामागे येरझाऱ्या घालत होता. दोन्ही डोळे आता स्वच्छ, चष्म्याची गरजच नाही, आणि तेच त्याला झेपत नव्हतं. म्हणाला, “मला प्रेक्षकांची तोंडं दिसणार आहेत. एवढी वर्षं मी धुक्याशी बोललो.” मी त्याचा ओव्हरकोट धरून उभी होते. मे महिन्यात ओव्हरकोट, पण त्याने हट्टाने आणायला लावला.

पहिले दोन विनोद पडले. ते तुला कळलं असेल. तिसऱ्यापासून लोक त्याचे झाले. संपल्यावर तो उभा राहिला आणि वॉल्टकडे वळला. तू बघितलंस, वॉल्टने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि एक बोट उचललं. फक्त एक. प्रेक्षकांना काही कळलं नाही, पण मला घाम फुटला. हर्शीने खिशातून जुना चष्मा काढला, रिकामी फ्रेम, काचा त्याने काढून टाकल्या होत्या, ती डोळ्यांवर चढवली आणि वाकून बोटाकडे बघितलं. “हे माझ्यासाठी आहे?”

मग तुझा भाऊ खुर्चीवरून उठला. त्या टेबलामागून तो कार्यक्रम चालू असताना कधी उठलेला नाही म्हणतात. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्याने टॅक्सी थांबवावी तसे हलवले, कॉफीचा कप आडवा केला, आणि तरी थांबला नाही. हर्शी चालत गेला आणि सोफ्यावर बसला.

कॅमेऱ्याला एवढं दिसलं. जाहिराती लागल्यावर आवाज बंद झाला, तेव्हाचं मी पडद्याच्या फटीतून ऐकलं. दोघं समोर बघत बसले होते. वॉल्ट म्हणाला, “बराच वेळ लावलास.”

हर्शी म्हणाला, “लांबून आलो.”

वॉल्टने कॉफी सांडलेल्या कागदांवर रुमाल ठेवला आणि दुसऱ्या हाताने हर्शीचा गुडघा धरला, आणि जाहिराती संपेपर्यंत धरून ठेवला. मी कोटात तोंड खुपसलं.

हे दोघे बसले एकदाचे सोफ्यावर. आता आपण दोघी राहिलो. मी ऑगस्टमध्ये डुलुथला येते. बर्फ नसेल, मला माहीत आहे, बर्फासाठी परत येईन. बसमधून उतरेन तेव्हा तू समोर असशील. पण तुझ्या खानदानाचा अनुभव लक्षात घेता आधीच सांगून ठेवते, मलाही आता लांबचं नीट दिसत नाही.

तुझी,
एस्टेल


डुलुथ
३० मे १९८७

प्रिय एस्टेल,

ये.

काल स्वयंपाकघरात दोन्ही हात वर करून सराव केला. शेजारचे आमच्या घराला आग लागली म्हणून बादली घेऊन धावत आले.

तुझी,
इनग्रिड